जेटमध्ये पिन घालू नये

मी एकतीस वर्षं कार्ब्युरेटर संपवण्याचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यापासून त्याच कार्ब्युरेटरची सेवा करते आहे. माझं सगळं करिअर एवढ्यात आटोपतं. तेव्हा संपादकबाईंनी मागितलेली 'वाटचाल' काही मी लिहिणार नाही. कुठल्या वर्षी कुठं प्रमोशन मिळालं हे वाचायला माझा नवरासुद्धा तयार नाही, आणि तो आता दिवसभर घरीच असतो. त्यापेक्षा दोन गिऱ्हाइकांबद्दल सांगते. एकाच्या बाबतीत मी फार शहाणी ठरले आणि दुसऱ्याच्या बाबतीत साफ तोंडावर आपटले.

आम्ही बौद्ध, त्यामुळे आमच्या घरी दिवाळी नव्हती. दिवाळी अंक मात्र होते. नागपूरला इंदोऱ्यात बाबांचं स्कूटर आणि ऑटोरिक्षा दुरुस्तीचं दुकान होतं. रद्दीवाल्याकडून ते मागच्या वर्षीचे अंक आणायचे, आणि दुकान बंद केल्यावर कपड्यांच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन मगच ते हातात घ्यायचे. अशा अंकात आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर मला भलताच आनंद झालाय, तो लपवत नाही.

आता कार्ब्युरेटर म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्यांनी कधीकाळी स्कूटर आडवी करून मग किक मारली आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळून लागतं. कार्ब्युरेटर हे काम एकटा करतो, ना वीज लागते ना कॉम्प्युटर. इंजिन हवा ओढतं, हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो, तिथून हवा जोरात जाते आणि जाता जाता शेजारच्या वाटीतलं पेट्रोल ओढून घेते. किती पेट्रोल यायचं हे ठरवतं एक छोटंसं पितळी बूच. त्याच्या मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. या बुचाला जेट म्हणतात. भोक जरासं मोठं झालं की पेट्रोल जास्त येतं, गाडी काळा धूर सोडते आणि गुदमरते. लहान झालं की गाडी उपाशी राहते.

फ्युएल इंजेक्शनमध्ये हेच काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. हवा किती गरम आहे, किती विरळ आहे, ड्रायव्हरचा पाय किती खाली गेलाय, हे सगळं मोजून पेट्रोलचा फवारा मारला जातो. कधी किती फवारा मारायचा हे त्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्यांपैकी मी एक. गोठलेल्या तळ्यावर, वाळवंटात, उंच डोंगरावर गाड्या नेऊन आम्ही त्यांची शिकवणी घ्यायचो. तुम्ही सकाळी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून निघून दुपारी बर्फात पोचता आणि गाडी हू की चू करत नाही, त्याच्यामागे माझ्यासारख्यांच्या जन्माच्या सर्द्या आहेत. आजवर कुणी थँक्यू म्हटलेलं नाही, पण असो.

निवृत्तीनंतर आम्ही मुलाजवळ, टेक्ससमध्ये डॅलसशेजारच्या अर्विंगला आलो. तीन महिने मी भाज्या निवडल्या आणि प्रकाशशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, क्षुल्लक गोष्टींवरून भांडले. मग एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्याची जुनी रॅलीची गाडी खोकताना ऐकली. माझ्या पायात चपला कधी आल्या आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये कधी पोचले, मला कळलं नाही. वीस मिनिटांत गाडी नीट चालायला लागली. त्यानं आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी चौघांना. आता भारतीय दुकानांच्या ओळीमागे माझा एक भाड्याचा गाळा आहे. पुढच्या हॉटेलातल्या सांबाराचा वास येतो, मागून पेट्रोलचा. बाहेर पाटी नाही, पण आत भिंतीवर आहे. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की जेटमध्ये पिन, तार, सुई वगैरे काहीही घालणाऱ्याचं काम इथं केलं जाणार नाही.

रॅली म्हणजे ट्रॅकवरची गोल गोल शर्यत नव्हे. जंगलातला किंवा डोंगरातला खडीचा रस्ता त्या दिवसापुरता बंद करतात आणि एकेक गाडी एकेक मिनिटानं सोडतात. भांडण घड्याळाशी असतं. ड्रायव्हरशेजारी एक जण वही घेऊन बसतो आणि पुढचं वळण कुठलं, किती तीव्र, हे मोठ्यानं वाचत जातो. अशा रस्त्यांच्या, म्हणजे टप्प्यांच्या, मधेमधे सर्व्हिससाठी थांबायचं, वीस मिनिटांत जे काय उघडायचं-बांधायचं ते करायचं, उशीर झाला की शिक्षा, फार उशीर झाला की बाद. जुन्या गाड्यांच्या गटात नियम असा, की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला कार्ब्युरेटर असेल तर आजही कार्ब्युरेटरच पाहिजे. लोक मला विचारतात, इतकं चांगलं इंजेक्शन असताना हा हट्ट काहून? मी म्हणते, जंगलात सेन्सर गेला तर लॅपटॉप लागतो, आणि कार्ब्युरेटर बिघडला तर स्क्रू ड्रायव्हर आणि अक्कल पुरते. हे अर्धसत्य आहे, हे मला माहीत आहे. बाकीचं अर्धं म्हणजे आवड.

पहिलं गिऱ्हाईक कर्टिस. छप्पर घालण्याचे ठेके घ्यायचा, दिलदार माणूस, दर वेळी माझ्यासाठी पीच आणायचा. एकदा म्हणाला, मेधा, नुसती एक नजर टाक, गाडी झकास आहे, फक्त रॅलीआधी तुझा आशीर्वाद पाहिजे. जानेवारीतली सकाळ होती, डॅलसला पडते तशी दोन दिवसांची कडक थंडी. त्यानं किल्ली फिरवली. चोक ओढला नाही, ॲक्सिलरेटर दाबला नाही, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होऊन शांत गुणगुणायला लागलं. मी गाळ्याच्या दारातच उभी होते. मला हसूच फुटलं. इतका शहाणा कार्ब्युरेटर मी जन्मात पाहिला नव्हता. थंडीत कार्ब्युरेटरला विनवण्या कराव्या लागतात, तो खोकतो, रुसतो, दोनदा बंद पडतो.

मी कर्टिसला म्हटलं, उघड. तो लाल झाला. दोन्ही कार्ब्युरेटर आतून पोखरून त्यानं त्यात इंजेक्शनच्या नळ्या बसवल्या होत्या, आणि कॉम्प्युटर सीटखाली जुन्या फर्स्ट एड बॉक्समध्ये. काम इतकं सुबक होतं की मी मनातल्या मनात मार्क दिले. तो म्हणाला, पण ही जास्त चांगली चालते ना? मी म्हटलं, चालणारच, ती चांगली चालावी म्हणून मी एकतीस वर्षं घालवली आहेत, पण या गटात ती चालायची नाही. बिचाऱ्यानं सगळं काढून पुन्हा खरे कार्ब्युरेटर बसवले. त्या रॅलीत शेवटून दुसरा आला आणि तरीही पीच घेऊन आला. त्यानंतर दोन महिने मी जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. प्रकाश म्हणायचा, आता पुरे, तुझा कान विमा उतरवण्याच्या लायकीचा आहे हे साऱ्या टेक्ससला कळलं.

आता दुसरी गोष्ट. इथून जवळच्याच फ्रिस्को गावचे डॉक्टर बर्वे. मूळचे पुण्याचे, भूल देणारे डॉक्टर, पंचाहत्तरीला आलेले. इकडे आल्यावर पहिल्या पगारात त्यांनी दोन दारांची एक छोटी युरोपियन गाडी जुनीच घेतली होती, ती आजतागायत. पुढे तिचीच रॅलीची गाडी केली. पहिल्यांदा माझ्याकडे आले ते काळ्या धुरासकट. जेट काढून भिंगाखाली धरला तर भोकाच्या कडेला ओरखडे. मी विचारलं, काय घातलंत यात? ते म्हणाले, काही विशेष नाही, कचरा अडकला होता, पाठीच्या मणक्याची सुई असते ना, ती नवीन, निर्जंतुक होती.

मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, पितळ मऊ असतं, आणि तुम्ही त्यात पोलाद खुपसता? सुई निर्जंतुक असल्याचं इंजिनाला काय कौतुक? पण आपल्या पिढीच्या हाताला ती सवयच आहे. स्कूटर बंद पडली, कार्ब्युरेटर उघडला, जेट तोंडात धरून फुंकला, नाहीच झालं तर पिन घातली. भारतातला निम्मा मध्यमवर्ग याच पद्धतीनं ऑफिसला पोचलाय. डॉक्टरांनी माझ्या शिव्या मान खाली घालून ऐकल्या आणि मग भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली. पाटीच्या अगदी जवळ जाऊन, मान जरा वाकडी करून वाचली. मला तेव्हा वाटलं, चष्मा विसरले असतील.

चष्मा नव्हता विसरला. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. कडेचं स्वच्छ दिसायचं, मधलं हळूहळू धूसर होत चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की यंदा गाडी चालवायला हरकत नाही, पण पुढच्या वर्षी लायसन रिन्यू होईल असं धरून चालू नका. हे त्यांनी मला गेल्या वर्षी मे महिन्यात सांगितलं, गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. कोलोरॅडोच्या डोंगरातली एक रॅली त्यांनी दोनदा सुरू केली होती आणि दोन्हीदा अर्ध्यात सोडावी लागली होती. एकदा रेडिएटर फुटला, एकदा क्लच गेला. म्हणाले, "मेधाताई, जिंकायचं वगैरे नाही हो. एकदा फक्त शेवटपर्यंत पोचायचंय. यंदा नाही तर मग नाहीच."

शेजारी वही वाचायला त्यांनी मुलीला बोलावलं होतं. इरा, चौतिशीची, फ्रीमाँटला असते. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे रविवारी दहा मिनिटं फोन: बाबा, तू जेवलास का, औषधं घेतलीस का, ओके बाय. तिला रॅलीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ती सहा आठवडे ऑनलाइन शिकली आणि सुट्टी टाकून आली. मला म्हणाली, "मावशी, बाबा नेव्हर आस्क्स मी फॉर एनीथिंग. यावेळी विचारलं, सो आय केम." एवढंच.

डोंगरावर हवा विरळ असते हे मी आयुष्यभर शिकवत आले. विरळ हवेत टेक्ससचा जेट नेला तर पेट्रोल तेवढंच येतं आणि हवा कमी पडते, गाडी गुदमरते. त्यामुळे नऊ हजार फुटांच्या हिशेबानं मी चार बारीक जेट बसवले, चार सिलिंडरना चार. त्या मापाचा दुसरा संच मागवला होता, तो काही वेळेवर आला नाही. डब्यात जास्तीचे होते ते सगळे टेक्ससच्या मापाचे, मोठ्या भोकांचे. मी म्हटलं, चार जेटना काय होतंय?

रॅलीच्या दिवशी पहाटे हवा इतकी स्वच्छ होती की मला माझ्याच कामाचा गर्व वाटायला लागला. पहिल्या टप्प्याहून गाडी सर्व्हिसला आली ती तीन पायांवर लंगडत. एक सिलिंडर मेलेलं. पन्नास वर्षांच्या टाकीतला गंजाचा कण फिल्टर चुकवून एका जेटमध्ये जाऊन बसला होता. प्रकाश मोबाइल हातात धरून मिनिटं पुकारत होता. मी जेट काढला, स्प्रे मारला, हवा मारली. कण हलेना. पुन्हा स्प्रे, पुन्हा हवा. प्रकाश म्हणाला, सहा. मग म्हणाला, पाच.

आणि माझ्या हातानं बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली. मी काढली असं म्हणवत नाही, कारण मी ठरवलंच नव्हतं. आई अडकवायची, मावशी अडकवायची, मी अमेरिकेत चाळीस वर्षं पँट घालते आणि तरी बांगडीला एक पिन असतेच. ती उघडली, जेटमध्ये घातली, जराशी फिरवली. कण निघाला. जेट बसवला, इंजिन चारही पायांवर उभं राहिलं, वेळेच्या दोन मिनिटं आधी गाडी निघाली. प्रकाशनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी पिन पुन्हा बांगडीला अडकवली. काय केलं ते गाडी धुळीत दिसेनाशी झाल्यावर डोक्यात शिरलं, आणि तेव्हाही मी स्वतःला म्हटलं, हलक्या हातानं केलंय, काही होत नाही.

पुढचे दोन टप्पे लागोपाठ होते आणि दोन्ही चढाचे. दुपारी गाडी शेवटच्या सर्व्हिसला आली तेव्हा मागच्या पाइपाभोवती काळं झालं होतं. डॉक्टर उतरले, हातमोजे काढून नीट घडी घालून टपावर ठेवले आणि घडीच्या खुर्चीत बसले. काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही. मी बॉनेट उघडायला वळले तर ते इराला हळूच म्हणाले की वेळेच्या नोंदीचं कार्ड परत देऊन ये, आपण थांबू या.

इरा म्हणाली, बाबा, वेळ आहे अजून. ते म्हणाले, वेळेचा प्रश्न नाही. वळणातून बाहेर पडताना गाडी दर वेळी अडखळते आहे. मला रस्ता उशिरा दिसत असणार, म्हणून पाय उशिरा पडतो, गिअर चुकतो. आधी मला वाटायचं मला कळेल कधी थांबायचं, पण कळत नाही म्हणतात तेच खरं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे जरा बाजूला पाहिलं, तिचा चेहरा दिसावा म्हणून. "तुला शेजारी बसवून मी हे करणार नाही."

मी तोवर स्पार्क प्लग काढले होते. तीन प्लग चहाच्या रंगाचे, म्हणजे प्रकृती उत्तम. चौथा काजळीनं काळा. कुठला चौथा हे मला न बघता ठाऊक होतं. जेट काढून भिंगाखाली धरला. भोकाच्या कडेला बारीक ओरखडा होता, डॉक्टरांच्या सुईनं केला होता तसाच. चढावर, विरळ हवेत, त्या एका सिलिंडरला नको तेवढं पेट्रोल जात होतं, आणि वळणातून बाहेर पडताना पाय खाली गेला की इंजिन ठसकत होतं. डॉक्टरांच्या पायाची काही चूक नव्हती.

आता खरं सांगते. पाच-सात सेकंद मी गप्प राहिले. कुणालाही कधी कळलं नसतं. डॉक्टर डोळ्यांमुळे थांबले असते, लोकांनी त्यांचं कौतुक केलं असतं की वेळीच थांबले, आणि माझ्या कानाची, हाताची कीर्ती शाबूत राहिली असती. माझ्या भिंतीवर पाटी आहे. साऱ्या टेक्ससला मी कर्टिसची गोष्ट सांगितलेली आहे. त्या पाच-सात सेकंदांची मला आजही लाज वाटते.

मग मी काळा प्लग आणि जेट दोन्ही हातात घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, डॉक्टर, सकाळी मी यात पिन घातली.

त्यांना क्षणभर समजलंच नाही. कुणी घातली म्हणाले. मी म्हटलं, मी. ही बांगडीची. भोक मोठं झालंय, म्हणून गाडी अडखळतेय, तुमचा पाय बरोबर आहे.

"म्हणजे डोळे नव्हते?"

"नाही. पिन होती."

त्यांनी जेट माझ्या हातातून घेतला आणि बोटांत धरून बसले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर माणूस हसतो तसं. इरा बाजूला उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आय टोल्ड यू. मी वाचलेला एकही कॉल तू मिस केला नाहीस. नॉट वन." तिनं वही उघडून दाखवली. प्रत्येक वळणापुढे तिनं पेन्सिलीनं टिक केली होती. त्यांनी गाडी वेळेवर वळवली की टिक. बापाचे डोळे किती चालतात याची काळजी तिलाही होती, आणि ती बिचारी खडखडत्या गाडीत दोन्ही कामं करत बसली होती. पानंच्या पानं टिकांनी भरली होती.

प्रकाश म्हणाला, अकरा मिनिटं.

त्या मापाचा जेट माझ्याकडे नव्हता. तेव्हा मी असं काही केलं की माझ्या जुन्या ऑफिसात कळलं तर पेन्शन थांबवतील. इंदोऱ्याला रिक्षावाले बाबांकडे यायचे, भाऊ, ॲव्हरेज वाढवून द्या म्हणायचे, आणि बाबा वायरमधला तांब्याचा एक तंतू काढून जेटच्या भोकातून ओवायचे आणि दोन्ही टोकं वळवून ठेवायचे. भोक तेवढंच, पण वाट अरुंद. मी शिकून आल्यावर बाबांना सांगितलं होतं की हे अशास्त्रीय आहे. ते म्हणाले होते, हो का? आणि पुढचा तंतू ओवला होता.

प्रकाशनं चार्जरची वायर दिली, ती मी कापली. तंतू किती जाड हवा याचा हिशेब करायला एरवी मला अर्धा दिवस आणि कॉम्प्युटर लागतो. मी दोन तंतू चिमटीत धरून पाहिले, बारीक होता तो घेतला, ओवला, टोकं वळवली. नवा प्लग घातला. डॉक्टर उठून हातमोजे घालत होते. मी त्यांना म्हटलं, हे बरोबर आहे की नाही ते मी सांगू शकत नाही, पहिल्या चढाला तुम्हालाच कळेल. ते म्हणाले, आजवर कधी माझ्या पेशंटला मी असं सांगितलं नाही. आणि गेले.

शेवटचा टप्पा आम्हाला दिसणार नव्हता. गावातल्या मैदानावर शेवटची नोंद होती, तिथं जाऊन उभे राहिलो. प्रकाशनं थर्मासमधला चहा दिला, तो मी हातात धरून गार केला. गाड्या एकेक येत होत्या. त्यांच्या नंतरच्या नंबरची आली, त्याच्याही नंतरची आली. मग वळणापलीकडे चढावर एक इंजिन ऐकू आलं. पाय खाली गेला, आवाज वर चढला, चढतच गेला, कुठं ठसका नाही. मी खाली ट्रेलरच्या पायरीवर बसले.

वाटेत एका गाडीला पंक्चर झालं होतं, ती रस्त्यात आडवी होती म्हणून ते थांबून राहिले होते, एवढंच. शेवटून तिसरे आले. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईनं कार्ड सही करून दिलं. डॉक्टरांना त्यावरचे बारीक आकडे दिसेनात. इरानं वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. तिनं पुन्हा वाचले.

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी लायसनचं काय होतं ते बघू, मी जेटचे दोन संच आणते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, नको, मी आता थांबतो. दुपारी थांबलो असतो तर घाबरून थांबलो असतो. आता तसं नाही. आवाज अगदी साधा होता, उद्या दूध आणायला नको म्हणावं तसा.

गाडी ट्रेलरपर्यंत न्यायची होती, शे-दीडशे पावलं. डॉक्टर ड्रायव्हरच्या दारापाशी गेले, ते उघडून धरलं आणि इराला म्हणाले, बस. ती म्हणाली, बाबा, आय हॅव नेव्हर… ते म्हणाले, माहितीय. मग बॉनेटवरून हात फिरवत ते पलीकडच्या बाजूला गेले आणि वहीच्या सीटवर बसले. इरानं किल्ली फिरवली आणि आपण सगळे इंजेक्शनवाले करतो तेच केलं: सुरू होईना म्हणून ॲक्सिलरेटर दाबत सुटली. दर दाबाला कच्चं पेट्रोल इंजिनात जातं आणि ते भिजून बसतं. वास माझ्यापर्यंत आला. तिनं पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा नुसती घरघर.

मी उठले. असल्या वेळी मला राहवत नाही. प्रकाशनं माझं मनगट धरलं, तेच, बांगडीचं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "इरा, पाय पंप करू नकोस. पूर्ण खाली दाब आणि तसाच ठेव, आत हवा जाऊ दे. हं. आता ऐक."

तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली.